तारुण्यपिटिका : नाव आणि लेप

सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्यांना सुश्रुताने ‘मुखदूषिका’ म्हटले. शार्ङ्गधराने ‘तारुण्यपिटिका’ म्हणून लोध्र, धने व वेखंडाचा लेप सांगितला. पहिल्या नावात चेहऱ्याला लागलेला डाग आहे, दुसऱ्यात नुसते वय. मला दुसरे अधिक सहृदय वाटते. नांदेड-वसमतच्या बाजारातली हळदही घरगुती लेपांत असतेच. तीच हळद पेंढरकरांच्या ‘विको’ क्रीममध्ये गेली, तेव्हा ते औषध की प्रसाधन, असा अबकारी कराचा वाद रंगला. सर्वोच्च न्यायालयाने औषधाच्या बाजूने कौल दिला. अर्थात तो करापुरता! हळद दाह शमवीत असेल. बुजलेली रंध्रे मोकळी करण्यात ट्रेटिनॉइन सरस, आणि जंतूंवर बेन्झॉइल पेरॉक्साइड. लातूर-नांदेडच्या मुलामुलींनी खरे भ्यावे ते गोरेपणासाठी चोपडल्या जाणाऱ्या स्टेरॉइड मलमांना. त्यांनी मुरमे उलट वाढतात.