ग्रँड ज्युरी म्हणजे काय? अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला तर खटला कसा उभा राहतो

अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने कुणाचा जीव गेला की काही महिन्यांनी बातमी येते, ‘ग्रँड ज्युरीने पोलीस अधिकाऱ्यावर आरोप ठेवण्यास नकार दिला.’ आपल्याकडे ती बातमी ‘कोर्टाने पोलिसाला निर्दोष सोडलं’ अशी पुढे पाठवली जाते. हे दोन्ही एकच नाही. आपल्या अनेक घरांतली मुलं-मुली आज तिकडे शिकायला, नोकरीला आहेत. म्हणून ही व्यवस्था नीट समजून घ्यावी, असं आम्हाला वाटतं.

ग्रँड ज्युरी निकाल देत नाही

खटल्यात दोषी की निर्दोष हे ठरवते ती साधी ज्युरी. ग्रँड ज्युरी त्याच्या आधीची पायरी आहे. तिच्यापुढे प्रश्न एवढाच असतो, की या माणसावर खटला चालवण्याइतका प्रथमदर्शनी पुरावा आहे का?

ही पद्धत मूळची इंग्लंडची. तिथे ती १९३३ मध्ये जवळजवळ बंद झाली, पण अमेरिकेत राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीमुळे टिकून राहिली. केंद्रीय गुन्ह्यांसाठी १६ ते २३ सामान्य नागरिक बसतात आणि आरोप ठेवायला १२ जणांची संमती लागते. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. मिसुरीत १२ सदस्य असतात आणि ९ मतं लागतात. काही राज्यांत सरकारी वकील ग्रँड ज्युरीकडे न जाताही थेट आरोप दाखल करू शकतो.

कामकाज बंद दाराआड चालतं. साक्षी-पुरावा मांडताना आत न्यायाधीश बसलेला नसतो आणि मयताच्या घरच्यांचा वकीलही नसतो. कोणते साक्षीदार बोलवायचे, कोणता पुरावा दाखवायचा, कोणतं कलम समोर ठेवायचं, हे बहुतेक सगळं सरकारी वकिलाच्या हातात असतं. खरी गोम इथेच आहे. हाच वकील रोजच्या खटल्यांत पोलिसांनी आणलेल्या पुराव्यावर आणि पोलिसांच्याच साक्षीवर अवलंबून असतो. आज त्यांच्यापैकीच एकावर आरोप ठेवायचा की नाही, हे त्यालाच ठरवायचं असतं.

फर्ग्युसन, २०१४

९ ऑगस्ट २०१४ रोजी मिसुरीतल्या फर्ग्युसन इथे मायकेल ब्राऊन हा १८ वर्षांचा नि:शस्त्र कृष्णवर्णीय तरुण डॅरेन विल्सन या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळ्यांनी ठार झाला. एरवी सरकारी वकील मोजके साक्षीदार आणतो आणि अमुक आरोप ठेवा असं सांगतो. इथे रॉबर्ट मॅककुलक यांनी सगळाच पुरावा, तब्बल ६० साक्षीदार समोर ठेवले आणि कोणत्या आरोपाची शिफारस मात्र केली नाही. २४ नोव्हेंबरला आरोप न ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. अनेक शहरांत लोक रस्त्यावर उतरले.

पुढचा भागही सांगायला हवा. केंद्रीय न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये विल्सनवर खटला भरता येत नाही असं सांगितलं. त्याच वेळी फर्ग्युसन पोलीस दलावरच्या वेगळ्या अहवालात मात्र गंभीर भेदभाव नोंदवला. शहरात कृष्णवर्णीय ६७ टक्के, पण अटक झालेल्यांत ते ९३ टक्के होते. २०१८ च्या निवडणुकीत मॅककुलक हरले. नवे सरकारी वकील वेस्ली बेल यांनी प्रकरण पुन्हा तपासलं आणि २०२० मध्ये त्यांनीही आरोप ठेवता येत नाही असंच सांगितलं.

कायद्याची दुसरी भिंत

असं का होतं? एक कारण वकील, दुसरं कायदा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ च्या निकालानुसार पळणाऱ्या संशयितापासून गंभीर धोका नसेल तर त्याला ठार मारणारी गोळी झाडता येत नाही. पण १९८९ च्या निकालाने सांगितलं, की पोलिसाची कृती त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून तपासायची. त्यामुळे ‘मला जिवाची भीती वाटली’ हे वाक्य फार वजनदार ठरतं.

क्लीव्हलँडमध्ये नोव्हेंबर २०१४ मध्ये १२ वर्षांच्या तामिर राईसच्या हातात खेळण्यातली बंदूक होती. पोलिसांची गाडी थांबल्यावर दोनेक सेकंदांत त्याला गोळी लागली. सरकारी वकिलानेच आरोप न ठेवण्याची शिफारस केली आणि ग्रँड ज्युरीने तसंच केलं. नंतर शहराने कुटुंबाला ६० लाख डॉलर भरपाई दिली. म्हणजे दिवाणी दाव्यात पैसे मिळाले, पण फौजदारी खटला उभाच राहिला नाही.

लुईव्हिलमध्ये मार्च २०२० मध्ये ब्रिओना टेलर स्वतःच्या घरात पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाली. ग्रँड ज्युरीने एकाच अधिकाऱ्यावर आरोप ठेवला, तोही शेजारच्या घरात गोळ्या गेल्याबद्दल. नंतर काही ज्युरी सदस्य पुढे येऊन म्हणाले, की हत्येच्या आरोपाचा पर्याय आमच्यासमोर ठेवलाच नव्हता.

जिथे खटला उभा राहिला

शिकागोत ऑक्टोबर २०१४ मध्ये १७ वर्षांच्या लक्वान मॅकडोनाल्डला १६ गोळ्या लागल्या. तो पोलिसांवर चाल करून आला, असं आधी सांगितलं गेलं. १३ महिन्यांनी कोर्टाच्या आदेशाने व्हिडिओ बाहेर आला, त्यात तो दूर चालताना दिसतो. व्हिडिओ जाहीर झाला त्याच दिवशी अधिकाऱ्यावर खुनाचा आरोप लागला आणि २०१८ मध्ये तो दोषी ठरला. इतका उशीर का, हा जाब मतदारांनी विचारला आणि २०१६ मध्ये तिथल्या सरकारी वकील निवडणूक हरल्या.

मिनियापोलिसच्या सरकारी वकिलाने २०१६ मध्ये जाहीर केलं, की पोलीस गोळीबारात आरोप ठेवायचा की नाही हे यापुढे ग्रँड ज्युरीवर न सोडता आपण स्वतः ठरवू. २०१७ मध्ये याच शहरात मोहम्मद नूर या सोमाली मुस्लिम पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने मदतीसाठी फोन करणारी एक नि:शस्त्र महिला ठार झाली. त्याच्यावर खटला चालला, २०१९ मध्ये तो दोषी ठरला. खुनाचं कलम पुढे वरच्या कोर्टात रद्द झालं, सदोष मनुष्यवधाचं कायम राहिलं. गोरा अधिकारी असता तर हीच तत्परता दिसली असती का, हा प्रश्न तिथल्या सोमाली समाजाने विचारला आणि तो रास्त आहे. पण त्या महिलेच्या घरच्यांचा इन्साफाचा हक्कही तेवढाच खरा. आपला माणूस आरोपी असला तरी गवाही सरळच द्यायची, हीच आपल्या दीनची शिकवण आहे.

आपल्याकडे काय?

भारतात ग्रँड ज्युरी नाही. पण पोलिसांचा तपास पोलिसांनीच करायचा, हा पेच आपल्याकडेही आहे. मुंबईतल्या १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकी, ज्यांत सुमारे १३५ जण मेले, त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये नियम घालून दिले. त्यातले मुख्य असे:

- चकमकीत मृत्यू झाला तर एफआयआर नोंदवावाच लागतो.
- तपास सीआयडी किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करायचा.
- दंडाधिकारी चौकशी सक्तीची.
- मयताच्या जवळच्या नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचं.
- घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक नाही.
- नियम पाळले नाहीत तर कुटुंब सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करू शकतं.

मुंबईच्या लखन भैया प्रकरणात (२००६) मयताच्या वकील भावाने त्याच दिवशी अधिकाऱ्यांना तार आणि फॅक्स पाठवले होते. ते कागद पुढे कामी आले. २०१३ मध्ये १३ पोलिसांसह २१ जण दोषी ठरले. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने बहुतेक पोलिसांची शिक्षा कायम ठेवली, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

शिकागोचा व्हिडिओ असो की मुंबईची तार, दोन्हीकडे पोलिसांच्या सांगण्यापलीकडचा पुरावा नोंदीवर आला म्हणून खटला उभा राहिला. म्हणून आमचं सांगणं एवढंच: अशी वेळ अल्लाह कुणावर न आणो, पण आलीच तर पहिल्याच दिवशी लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आसपासच्या कॅमेऱ्यांचं चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी करा आणि साक्षीदारांना धीर द्या. मोर्चा नंतरही काढता येतो, पण कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं.