अकार्यक्षम बचाव (अपिलाचे कारण म्हणून)

फौजदारी खटल्यात वकिलाने आरोपीचा बचाव नीट केला नाही, म्हणून दोषसिद्धी रद्द करावी, असे अपिलात मांडले जाणारे कारण. भारतीय कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम नाही. राज्यघटनेचे अनुच्छेद 21, 22(1) व 39क, सरकारी खर्चाने वकील देण्याविषयीचे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 341 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 304) आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे यांतून ते घडत आले. बंगळूरच्या यशवंतपूर भागात पकडलेल्या आरोपीला तिथल्या सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, तर हे कारण त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात 60 दिवसांच्या मुदतीतल्या अपिलात मांडावे लागते. तो कोठडीत असल्यामुळे उत्पन्न न पाहता त्याला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळतो. येथवर व्यवस्था चोख आहे. अडचण पुढे येते: आरोपीला वकील होता की नव्हता, हे आपली न्यायालये काटेकोर पाहतात, त्या वकिलाने काय केले, हे पाहताना मात्र हात आखडतो.

या भेदाची मुळे महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यापर्यंत पोहोचतात. मा. ह. होसकोट हे सौराष्ट्र विद्यापीठातले प्रपाठक. कर्नाटक विद्यापीठाच्या नावाचा बनावट शिक्का मुंबईत करवून घेण्याच्या प्रयत्नाबद्दल ते दोषी ठरले. सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंतची कैद व दंड एवढ्यावर सोडले, उच्च न्यायालयाने शिक्षा तीन वर्षांवर नेली. निकालाची प्रत वेळेवर हाती न पडल्याने त्यांची याचिका चार वर्षे उशिरा आली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ती फेटाळली, पण फेटाळतानाच कैद्याला निकालाची प्रत मोफत व वेळेवर मिळणे आणि गरजूला अपिलासाठी वकील मिळणे हे हक्क म्हणून सांगितले. 2012 च्या अजमल कसाब निवाड्यात त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, आरोपीने समजून-उमजून नाकारल्याखेरीज खटल्याच्या टप्प्यावर वकील न देणे म्हणजे खटलाच बाद. चौकशीच्या टप्प्यावर मात्र नुकसान दाखवावे लागेल. दोन्ही निवाडे मोलाचे, पण दोन्हींचा रोख वकील असण्यावर.

वकील कागदोपत्री असूनही बचाव कसा नसतो, हे अनोखीलाल प्रकरणात उघडे पडले. मध्य प्रदेशात खंडव्याच्या न्यायालयाने 2013 मध्ये दोषारोप निश्चित केले त्याच दिवशी न्यायमित्र वकील नेमला आणि खटला दोन आठवड्यांत फाशीवर संपवला. 18 डिसेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. उदय लळित यांच्या पीठाने दोषसिद्धी रद्द केली आणि नियम घालून दिला: फाशी वा जन्मठेप संभवणाऱ्या खटल्यात किमान दहा वर्षे वकिली केलेलाच न्यायमित्र नेमावा आणि त्याला तयारीला साधारणपणे किमान सात दिवस द्यावेत. फेरखटल्यात आरोपीला पुन्हा फाशी झाली, ती उच्च न्यायालयाने रद्द केली आणि 2024 मध्ये तो निर्दोष सुटला. झटपट खटला हे न्यायाचे कौतुक मानणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

वकिलाचे काम अपिलात तपासण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की, हरलेला प्रत्येक आरोपी वकिलाला दोष देईल. 2015 मध्ये शिवकुमार यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरून, वकील बदलला किंवा आधीचा कच्चा होता एवढ्यावर साक्षीदार परत बोलावता येणार नाहीत, असे ठरवले. बलात्काराच्या त्या खटल्यात पीडितेला पुन्हा उलटतपासणीला सामोरे जायला लावणे क्रूरच ठरले असते, आणि निकाल योग्यच वाटतो. शिवाय प्रश्न न विचारणे हीही कधी बचावाची चाल असते. पण आक्षेपाचे बळ साक्षीदार परत बोलावण्याच्या उपायापुरते आहे. बचाव झाला का, हे पाहायला साक्षीदार लागत नाहीत, दप्तर पुरते. नेमणूक आणि पहिली उलटतपासणी यांत किती दिवस गेले, कोणत्या साक्षीदाराला एकही प्रश्न विचारला नाही, वकील किती वेळा बदलला, हे सारे रोजनाम्यात असते. अमेरिकेत 1984 च्या स्ट्रिकलंड निवाड्याने वकिलाची कसूर आणि तिच्यामुळे निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता या दोन्ही गोष्टी सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला. ती कसोटी जशीच्या तशी उचलणे धोक्याचे आहे, कारण जो पुरावा वकिलाने पुढे आणलाच नाही, तो आणला असता तर काय झाले असते, हे बंगळूरच्या परप्पन अग्रहार तुरुंगाच्या कोठडीतून कोण सिद्ध करणार? स्वतः नेमलेल्या वकिलाची कसूर पक्षकाराच्या अंगावर यावी, हेही दिवाणी दाव्यात एक वेळ चालेल. पैशाची जबाबदारी जशी माथी मारता येते, तशी जन्मठेप मारता येत नाही.

यशवंतपुरात भाषेचा पदर यात मिसळतो. बाजार समितीचे आवार, रेल्वे स्थानक आणि शेजारची पीण्या औद्योगिक वसाहत यांमुळे परभाषिक कामगारांची येथे कायम ये-जा असते. साक्ष कन्नडमध्ये होते. आरोपीला न कळणारी साक्ष त्याला समजेल त्या भाषेत भर न्यायालयात सांगावी, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 314 (जुने 279) म्हणते. सोलापूरकडून आलेल्या हमालाला साक्षीदार काय बोलला हे कळलेच नाही, तर तो वकिलाला काय सुचवणार? अशा अपिलात दुभाष्याची नोंद आहे की नाही, हे आधी पाहायला हवे. अजून ते क्वचितच मुद्दा म्हणून मांडले जाते.

वकिलाचे काम पाहताना हात न आखडल्याचेही उदाहरण आहे. 2 डिसेंबर 2024 च्या अशोक विरुद्ध उत्तर प्रदेश निवाड्यात सर्वोच्च न्यायालयात, पूर्वी कर्नाटकचे मुख्य न्यायमूर्ती असलेल्या न्या. अभय ओक यांच्या पीठाने आरोपीला निर्दोष सोडले. महत्त्वाचा पुरावा त्याच्या जबाबात त्याच्यापुढे ठेवलाच नव्हता आणि त्याला मिळालेले विधी साहाय्य परिणामकारक नव्हते, असे पीठाला आढळले. आरोपीला वकील नसेल तर सरकारी वकिलानेच ते न्यायालयाच्या नजरेस आणावे, असेही या निवाड्यात बजावले आहे.