जमाबंदीत सापडणारे पूर्वज

चंदीगडच्या शहीद भगतसिंग आंतरराष्ट्रीय विमानतळालगत मोहालीची एरोसिटी ही वसाहत आहे. तेथील भूखंडांना आज घरक्रमांक आहेत. त्याखालच्या शेतांना खसरा क्रमांक होते. ज्या हुतात्म्याचे नाव २०२२ मध्ये या विमानतळास देण्यात आले, त्याचे घराणेही जमिनीसाठी गाव सोडलेल्यांपैकीच होते. भगतसिंगांचे मूळ गाव तेव्हाच्या जालंधर जिल्ह्यातील खटकड कलां. जन्म मात्र १९०७ मध्ये लायलपूर जिल्ह्यातील चक क्रमांक १०५ जी.बी. येथे झाला.

'जी.बी.' म्हणजे गुगेरा ब्रांच, चिनाब कालव्याची एक शाखा. या कालव्यावर १८९२ पासून सरकारने पूर्व पंजाबातील शेतकरी नेऊन वसविले. म्हणून अशा कुटुंबाचा शोध दोन टोकांनी घ्यावा लागतो : मूळ गावाच्या दप्तरात आणि चकाच्या दप्तरात. आपल्याकडील सातबाराच्या जागी पंजाबात जमाबंदी असते, फेरफाराच्या जागी इंतकाल. शोध आजच्या जमाबंदीपासून सुरू करून इंतकालांच्या आधारे मागे न्यावा. संशोधकाचा खरा ठेवा मात्र 'शजरा नसब'. बंदोबस्ताच्या वेळी गावातील जमीनमालकांच्या वंशावळी त्यात नोंदविल्या गेल्या. त्यात प्रामुख्याने पुरुषांचीच नावे असतात. विधवेचे नाव जमाबंदीत आढळते, पण हयातीपुरते. मुलींचा पत्ता क्वचितच लागतो.

जिल्ह्यांच्या बदलत्या सीमा लक्षात ठेवणे आवश्यक आहे. मोहाली परिसरातील बरीच गावे १९६६ पर्यंत अंबाला जिल्ह्याच्या खरड तहसिलीत होती, नंतर रोपड जिल्ह्यात आली. मोहाली हा स्वतंत्र जिल्हा २००६ चा. शेजारचा बनूर परिसर तर पतियाळा संस्थानाचा. चुकीच्या दप्तरखान्यात महिनोन्महिने शोध घेणारे कमी नाहीत. त्यात जुने कागद उर्दूत असतात. मोडी वाचता न येणाऱ्या मराठी माणसास ही अडचण निराळी सांगावयास नको.

फाळणीत या कागदांवर लाखो कुटुंबांचे भवितव्य अवलंबून राहिले. पश्चिम पंजाबात हिंदू व शीख सुमारे २७ लाख हेक्टर जमीन सोडून आले. पूर्व पंजाबात मुसलमानांनी सोडलेली जमीन सुमारे १९ लाख हेक्टर होती. मार्च १९४८ मध्ये दावे मागविण्यात आले आणि महिन्याभरात सुमारे पाच लाख दाखल झाले. दोन्ही सरकारांनी जमाबंदीच्या प्रतींची देवाणघेवाण केली. त्याच गावच्या निर्वासितांच्या सभेत दावे पडताळले गेले. पुनर्वसन महासंचालक तरलोकसिंग यांनी 'प्रमाण एकर' आणि चढती कपात या दोन उपायांनी तूट वाटून दिली. पहिल्या दहा एकरांवर कपात २५ टक्के, तर पाचशे एकरांवरील जमिनीवर ९५ टक्के होती. त्यामुळे आजोबांची जमीन आजच्या नोंदीत कमी दिसली, तर ती विकलीच असेल असे धरून चालू नये.

ज्यांच्याजवळ जमीनच नव्हती, त्यांचे काय? १९०० च्या पंजाब जमीन हस्तांतरण कायद्याने शेतजमिनीची खरेदी मुख्यतः 'कृषक' ठरविलेल्या जातींपुरती राखली. अनेक दलितांनी पैसे देऊन घेतलेली जमीन दुसऱ्याच्या नावे नोंदली गेली. अपवाद होते : लष्करी सेवेबद्दल मजहबी शिखांना चिनाब वसाहतीत जमिनी मिळाल्या, ख्रिस्ती कुटुंबांची खुशपूरसारखी गावे वसली, तेथील मूळच्या पशुपालकांनाही वाटा देण्यात आला. बाकीच्यांसाठी मालकांचा रकाना सोडून कसणाऱ्यांचा रकाना पाहावा. गावातील सेवेकऱ्यांचे हक्क व देणी 'वाजिब-उल-अर्ज' या गावरिवाजांच्या नोंदीत सापडतात, जरी तेथे बहुधा जातीचा उल्लेख असतो, माणसाचा नसतो.

माणसाचे नाव हवे असेल, तर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या पाहाव्यात. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी असतात तशाच त्या गाव व जातीनुसार लावलेल्या आहेत. पंड्यास मात्र एरोसिटीचा पत्ता सांगून उपयोग नाही. तो आधी जुन्या गावाचे नाव विचारतो.