नेवाशाची पोथी आणि नवीं यंत्रें

घरांत नवें यंत्र आलें कीं आठ दिवसांच्या आंत त्याच्याविषयीं घरांतल्या प्रत्येकाचें एकेक मत ठरून जातें. आजोबा म्हणतात, यानें डोळे जातील. आजी म्हणतात, याला सोंवळें-ओंवळें कांहीं नाहीं. सूनबाई म्हणतात, सोय झाली. आणि नातू कांहींच न बोलतां तें उघडून बसतो. मोबाइलवर ज्ञानेश्वरी वाचावी कीं न वाचावी, हा सध्यांचा असाच एक घरगुती वाद आहे. ज्यावर वाण्याचा हिशेब येतो, जें हातांत घेऊन माणूस वाटेल तेथें जातो, त्यावर पारायण करणें कित्येकांना प्रशस्त वाटत नाहीं; आणि ज्यांना त्यावर अक्षर हवें तेवढें मोठें करून घेतां येतें, त्या वृद्धांना त्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. वाद नवा नाहीं. यंत्र मात्र वेळोवेळीं बदलत आलें आहे, आणि त्याचा मागोवा घ्यावयाचा तर आरंभ अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतूनच करावा लागतो.

प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्यें ज्ञानेश्वरांनीं गीतेचें निरूपण केलें आणि सच्चिदानंदबाबांनीं तें आदरपूर्वक लिहून घेतलें. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसत अशी श्रद्धा आहे, तो ‘पैस’ खांब तेथें आजहि दाखवितात. म्हणजे मराठीचा हा मोठा ग्रंथ अगोदर बोलला गेला आणि मग लिहिला गेला. पुढें जवळजवळ तीनशें वर्षें तो नकलांवर जगला. बोरू, काजळाची शाई आणि नकलकाराचा धीर एवढ्याच साधनांवर सुमारें नऊ हजार ओव्या एका प्रतींतून दुसऱ्या प्रतींत जात राहिल्या. अशा प्रवासांत अक्षरें गळतात, हें कोणीहि समजूं शकेल. पण अडाणी नकलकारापेक्षां जाणता नकलकार पोथीला अधिक घातक ठरतो. अडाणी माणूस एखादी मात्रा विसरतो. जाणता माणूस न कळणारा जुना शब्द काढून त्या जागीं आपल्या ओळखीचा शब्द बसवितो, आणि वाचणाऱ्यास संशयहि येत नाहीं.

पैठणच्या एकनाथांना हा दोष जाणवला. त्यांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढें कोणीं त्यांत आपली ओवी घुसडूं नये अशी ताकीद देऊन ठेवली. या कार्याच्या स्मरणार्थ भाद्रपद वद्य षष्ठी ही ज्ञानेश्वरी जयंती म्हणून पाळली जाते. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९०९ सालीं एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापून प्रसिद्ध केली, तेव्हां नाथांच्या आधींचा पाठ कसा होता याची चर्चा पुन्हां पेटली, व ती अजून पुरती विझलेली नाहीं. एवढें खरें कीं, साधन कोणतेंहि असो, पाठ बिघडला आहे काय, हा प्रश्न विचारणारा माणूस महाराष्ट्रांत सोळाव्या शतकांतच निघाला.

याच जिल्ह्यांत राहुरीजवळ ताहराबाद येथें अठराव्या शतकांत महिपति झाले. ते गांवचे कुलकर्णी. दरबारचें बोलावणें आलें म्हणून देवपूजा सोडून उठावें लागलें, तेव्हां यापुढें ही लेखणी सरकारी हिशेबाकडे वळवावयाची नाहीं असा त्यांनीं निश्चय केला, अशी आख्यायिका आहे. एकाच लेखणीनें जमाबंदीहि लिहावी आणि संतचरित्रहि लिहावें, हें त्यांना रुचलें नाहीं. मोबाइलवर पोथी नको म्हणणाऱ्या आजींचें म्हणणें यापेक्षां निराळें नाहीं. महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ सालीं पूर्ण झाला आणि पुढें छापखान्यानेंच तो घरोघर नेला.

तो छापखाना महाराष्ट्राच्या दारीं आला तो परक्यांच्या हातून. बंगालमध्यें श्रीरामपूर येथें विल्यम कॅरे यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण देवनागरी खिळ्यांनीं छापलें. मुंबईस अमेरिकन मिशननें छापखाना घातला. त्याच मिशनचे लोक १८३१ सालीं नगरास येऊन राहिले, आणि नगरांतूनच १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ निघूं लागला. पुढें तो मुंबईस गेला. तरी नगरसारख्या गांवांतून मराठी नियतकालिक निघावें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. छापील कागद म्हणजे पाद्र्यांचा कागद, असें लोकांस वाटूं लागलें असेल तर त्यांत नवल नाहीं. त्यांतून छपाईच्या शाईंत जनावराची चरबी असते असा बोलबाला होता. असला कागद सोंवळ्यांत हातीं कसा धरावा?

ही हरकत हसण्यावारी नेणें फार सोपें होतें, आणि सुधारकांपैकीं पुष्कळांनीं ती तशी नेलीहि. गणपत कृष्णाजी यांनीं ती नेली नाहीं. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम पाहून ते हा धंदा शिकले, स्वतःचा छापखाना काढला, आणि शाईंत चरबीच्या जागीं तूप घातलें. १८३१ सालीं त्यांनीं छापलेलें पंचांग मुंबईंत विकलें जाऊं लागलें. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या १८६३ सालच्या ‘मुंबईचें वर्णन’ या पुस्तकांत त्यांच्या उद्योगाची हकीकत आहे. गणपत कृष्णाजींनीं ग्राहकाशीं शास्त्रार्थ केला नाहीं. त्याची अडचण काय ती ओळखून शाई बदलली. नवीं यंत्रें विकणाऱ्या आजच्या पुष्कळ कारखानदारांना हें सुचत नाहीं. ते ग्राहकालाच बदलावयास सांगतात.

शिळाछापाचें मर्म हें कीं त्यांत लेखकाचें हस्ताक्षरच छापलें जातें. चरबट शाईनें कागदावर लिहावयाचें, तें दगडावर उतरवावयाचें, दगड ओला करावयाचा. मग छपाईची शाई पाण्यावर बसत नाहीं, अक्षरांवर तेवढी बसते. त्यामुळें पोथी छापील असूनहि वळण हाताचें राही आणि वाचणाऱ्याला परकें वाटत नसे. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४५ सालीं ज्ञानेश्वरी प्रथम छापली, ती शिळाछापावरच. नेवाशाहून निघालेला ग्रंथ यंत्रावर चढावयास साडेपांचशें वर्षें लागलीं.

खिळ्यांच्या छपाईचें काम याहून बिकट होतें. इंग्रजीचीं सव्वीस अक्षरें लहानमोठीं धरून बावन्न होतात. देवनागरींत एकेका व्यंजनाला वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार, रफार आणि वर जोडाक्षरें. प्रत्येक मेळ अखंड ओतावयाचा तर खिळ्यांची संख्या कित्येक शेंकड्यांवर जाते, आणि खिळे जुळविणाऱ्या माणसाला भिंतभर खणांपुढें येरझारा घालाव्या लागतात. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतील टॉमस ग्रॅहॅम यांनीं यावर तोड काढली. अक्षराच्या वरच्या व खालच्या खुणा निराळ्या बारीक तुकड्यांत ओतून त्या अक्षरावर बसवावयाच्या. या पद्धतीला मुंबईच्या धंद्यांत ‘डिग्री’ असें नांव पडलें. खिळे कमी झाले, पण बारीक तुकडे मोडूं लागले. छापलेल्या पानावरची मात्रा उडाली, ही तक्रार तेव्हांपासून मराठी वाचकाच्या तोंडीं बसली.

त्याच छापखान्यांत लहानपणीं उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनीं ही तक्रार मनावर घेतली. १८६४ सालीं त्यांनीं खिळे ओतण्याचा कारखाना काढला, आणि १८६९ सालीं ‘निर्णयसागर’ छापखाना. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेल्या अक्षरांचें वळण इतकें डौलदार होतें कीं देशभर तें नमुना म्हणून मानलें गेलें. आणि पोथ्या त्यांनीं छापल्या त्या आडव्या, सुट्या पानांच्या, हातच्या पोथीसारख्या. बांधीव पुस्तक पुढें ठेवून पूजा करणें ज्याला जड जाई, त्याला ओळखीचा आकार मिळाला. छापील पोथी घरांत चालेल कीं नाहीं हा वाद त्यानंतर कोणी घातला नाहीं.

ज्या लिपीला मात्र असा कैवारी मिळाला नाहीं, तिचें काय झालें? पेशवाईचा सारा कारभार मोडींत चाले. मोडी हात न उचलतां लिहावयाची. अक्षराला अक्षर लागून ओळ वाहत जाते. कॅरे यांनीं १८१० सालचा मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला खरा, परंतु वाहत्या ओळीचे सुटे तुकडे करणें तिच्या प्रकृतीला मानवलें नाहीं. छापखान्यानें बाळबोध उचलली. विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळांतून व कचेऱ्यांतून गेली. त्यावर आरडाओरडा असा झालाच नाहीं. चला, एक विषय कमी झाला, असेंच मुलांना वाटलें असावें. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयांत आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या दप्तरांत मोडी कागदांचे रुमाल पडून आहेत. २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हां पूर्वजांचें नांव ज्या कागदावर आहे तो कागद हातांत असूनहि वाचतां येईना, आणि मोडी जाणणाऱ्यांची गांवोगांव शोधाशोध झाली. मोडीला संगणकाच्या जागतिक अक्षरसंचांत, म्हणजे युनिकोडमध्यें, स्थान मिळालें तें २०१४ सालीं. पण तोंवर ती वाचणारे डोळे बहुतेक मिटले होते.

टंकलेखक आला तेव्हां तर उलटीच मागणी झाली. यंत्र लिपीला जुळत नाहीं, तर लिपीच यंत्राला जुळवा, असें पुष्कळ विद्वान म्हणूं लागले. सावरकरांनीं रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळांत नागरी लिपीच्या सुधारणेचा आग्रह धरला आणि अि, अी, अु, अू अशी ‘अ’ची बाराखडी सुचविली. युक्तिवादांत खोट नव्हती. खिळे खरोखरच कमी झाले असते. कांहीं वर्षें कांहीं ठिकाणीं ती छापलीहि गेली. परंतु सामान्य वाचकाच्या डोळ्यांना ती खटकली, आणि त्यानें कोणताहि ठराव न करतां ती बाजूला ठेवली.

संगणकानें या साऱ्या जुन्या हरकती नव्यानें उभ्या केल्या. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि तिनें भारतीय लिप्यांचें काम हातीं घेतलें. १९९१ सालीं भारतीय लिप्यांच्या संकेतांकांचें मानक ठरलें, आणि त्याच सालीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतहि देवनागरी होती. तरी छापखान्यांनीं व वृत्तपत्रांनीं पुढें पुष्कळ वर्षें ज्याचा त्याचा फाँट वापरला. एकानें जेथें ‘क’ ठेवला तेथें दुसऱ्यानें भलतेंच अक्षर ठेवलेलें. परिणाम असा कीं एका संगणकावरचा लेख दुसऱ्यावर उघडला कीं पडद्यावर केवळ चिन्हांचा कचरा दिसे. नेवाशाच्या पोथीचा नकलकार शब्द तरी बदली. येथें सबंध पानच हरवलें. संगणकावर मराठी येत नाहीं, असें लोक सहज म्हणत व रोमन लिपींत मराठी लिहीत. विद्वानांना तो भाषेचा अभिमान नसल्याचा पुरावा वाटे. वस्तुतः ती साधनाविषयींची रास्त तक्रार होती.

त्यांत मराठीची अडचण हिंदीहून निराळी. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद ज्या ‘ऱ्या’वर अवलंबून, त्याची हिंदीला गरज नाहीं. तो नसला तर गुरूंना द्यावयाची दक्षिणा स्वयंपाक्याच्या पदरांत पडावयाची. ‘ॲ’ हें अक्षरहि तसेंच. मराठी माणूस तें रोज लिहीत होता. युनिकोडमध्यें मात्र त्याला स्वतंत्र जागा नव्हती, आणि ‘अ’ला चंद्र जोडण्याच्या नाना खटपटी कराव्या लागत. २००८ सालीं त्याला जागा मिळाली. नोव्हेंबर २००९ मध्यें महाराष्ट्र शासनानें वर्णमालेचा निर्णय काढून पाकळीचा ‘ल’ हें मराठी वळण नक्की केलें. तरी परदेशांत घडलेल्या फाँटांत हिंदी वळणाचा ‘ल’ अजून पुष्कळदां समोर येतो. हा ‘ल’ आपला नाहीं, असें एखादा वाचक पुटपुटतो, आणि घरचीं मंडळी त्याला छांदिष्ट म्हणतात. जावजी दादाजींनीं त्याला छांदिष्ट म्हटलें नसतें.

आतां मोबाइलपुढें नुसतें बोललें कीं अक्षरें आपोआप उमटतात. सच्चिदानंदबाबांचें काम यंत्र करूं लागलें आहे, आणि ज्यांना बोटांनीं टंकणें जमत नाहीं अशा म्हाताऱ्या माणसांना त्याचा मोठा आधार झाला आहे. तें ‘ळ’ आणि ‘ल’ यांची कित्येकदां गल्लत करतें, म्हणून हंसूंहि येतें. परंतु अधिक गंभीर गोष्ट जुन्या ग्रंथांची आहे. गेल्या शतकांतील पुस्तकांचीं पानें आज संगणकावर चढविलीं जात आहेत. त्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तेथें’ असें शिरोरेघेवर टिंब देऊन छापलेलें आहे. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं तीं टिंबें गेलीं. यंत्राला शाईचा डाग कोणता आणि अनुस्वार कोणता हें नेहमींच उमगतें असें नाहीं. आणि तें अचूक वाचलें तरी, आजच्या शाळेंत शिकलेला विद्यार्थी ‘नाही’ असें टंकून शोध घेऊं लागला कीं जेथें अक्षराला अक्षर ताडून पाहिलें जातें तेथें ‘नाहीं’ असलेलें पान पुढें येतच नाहीं. तें पान तेथेंच असतें, शुद्ध असतें, छापील असतें; पण शोधणाऱ्याच्या लेखीं तें मोडी रुमालांत बांधलेल्या कागदासारखेंच.