मुलाला दूध ‘चालत नाही’ म्हणजे ॲलर्जीच असते का? डब्यातून पदार्थ काढण्याआधी हे वाचा

‘याला दूध चालत नाही’, ‘हिला अंडं बाधतं’. शाळेच्या डब्याचा विषय निघाला की ही वाक्यं हमखास ऐकू येतात. पण ‘चालत नाही’ यामागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. एकात जिवाला धोका असू शकतो, दुसऱ्यात फक्त त्रास होतो.

ॲलर्जी आणि न पचणं यात फरक काय?

ॲलर्जीत शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा अन्नातल्या एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते. खाल्ल्यावर बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते किंवा धाप लागते. त्यासाठी अगदी थोडा अंशही पुरतो.

दूध न पचण्यामागे मात्र लॅक्टेज या एन्झाइमची कमतरता असते. पोट फुगतं, गॅस होतो, जुलाब होतात. अशा बऱ्याच मुलांना दही किंवा थोडं दूध चालतं. दुधाची ॲलर्जी असेल तर दही, ताक, पनीर, खवा सगळंच टाळावं लागतं.

ॲलर्जी कशाची असू शकते?

एफएसएसएआयच्या 2020च्या नियमांनुसार पाकिटावर ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांचा उल्लेख करावा लागतो.

पण घरच्या किंवा हॉटेलच्या जेवणावर लेबल नसतं. शेंगदाण्याचं कूट साबुदाण्याच्या खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात असतं. त्यामुळे विचारूनच खायची सवय मुलांना लावा.

निदान कसं होतं?

काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, हे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. गरजेनुसार ते त्वचेची किंवा रक्ताची आयजीई चाचणी करतात. नुसती चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे ॲलर्जी ठरत नाही. लक्षणंही जुळावी लागतात. आयजीजी चाचणीवरून तर अन्नाची ॲलर्जी ठरतच नाही.

पदार्थ बंद केला, तर त्याऐवजी काय?

आयसीएमआरच्या 2020च्या शिफारशींनुसार 7 ते 9 वर्षांच्या मुलांना दिवसाला 650 मिलिग्रॅम, तर 10 ते 12 वर्षांच्या मुलांना 850 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दूध बंद झालं तर ही तूट भरावी लागते.

- दुधाऐवजी: नाचणी (100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम), राजगिरा, तिळाची ॲलर्जी नसेल तर तीळ
- अंड्याऐवजी: डाळ-भात, मोड आलेली मटकी, पनीर, चालत असेल तर मासे किंवा चिकन
- शेंगदाण्याऐवजी: फुटाणे, डाळ्याची चटणी

शेंगदाणा शेंगवर्गीयच आहे, पण त्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना डाळी चालतात. तरीही डॉक्टरांना विचारून घ्या.

शाळेला काय सांगायचं?

ॲलर्जी कशाची, लक्षणं कोणती, औषध कोणतं, हे वर्गशिक्षकांना लेखी द्या. शाळेत पोषण आहार घेत असेल तर तो शिजवणाऱ्यांनाही कळवा. श्वास घ्यायला त्रास, आवाज बसणं, चक्कर अशी लक्षणं दिसली तर मुलाला आडवं करा; धाप लागली असेल तर बसू द्या, पण चालवू नका. लगेच 108 ला फोन करा. अशा वेळी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून वेळ घालवू नका.

ही ॲलर्जी कायमची असते का?

दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी अनेक मुलांमध्ये वाढत्या वयात जाते. शेंगदाण्याची मात्र बहुतेकदा टिकते. म्हणून लहानपणी बंद केलेला पदार्थ आता चालेल का, हे डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या. घरी प्रयोग करू नका.