सामुदायिक खरेदीत सभासद टिकतो कशाने?

आपल्या मंडळापुढे धान्य, तेल, गूळ एकत्र खरेदी करण्याचा विचार पुन्हा आला आहे. पूर्वानुभव सर्वांस ठाऊक आहे. पहिल्या वर्षी उत्साह दांडगा. दुसऱ्या वर्षी नाक्यावरच्या दुकानदाराने किलोमागे रुपया उतरविला की सभासद गळू लागतात. यास आपण स्वार्थ म्हणून मोकळे होतो. आम्हांस हे निदान अपुरे वाटते.

इंग्लंडात त्या काळी लँकेशायर परगण्यात रॉचडेल नावाचे गिरणगाव होते. तेथे १८४४ साली २८ जणांनी, ज्यांत फ्लॅनेल विणणारे कोष्टी पुष्कळ होते, आठवड्यास दोन-तीन पेन्स बाजूस टाकून २८ पौंड जमविले व २१ डिसेंबर रोजी टोड लेनमध्ये दुकान उघडले. माल तो किती! लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. याच गावी आधी निघालेले एक सहकारी दुकान उधारीपायी बुडाले होते. म्हणून येथे रोखीचा व्यवहार.

नवल असे की, हे दुकान स्वस्त नव्हतेच. भाव बाजाराचाच असे. माल मात्र निर्भेळ व माप पुरे. भांडवलावर ठरीव व्याज देऊन उरलेला नफा ज्याची जितकी खरेदी, त्या प्रमाणात त्याला परत मिळे. पुष्कळ कुटुंबे ही रक्कम दुकानातच राहू देत. अशी पुंजी साठली की गिऱ्हाईक धनी होतो. रुपया-आण्याच्या फरकासाठी तो आपलेच दुकान सोडील कशाला? शिवाय भाग कितीही असोत, मत एकच. १८४९ साली गावची बचतपेढी बुडाली, तेव्हा पोळलेले लोक इकडेच वळले. १८४८ चे १४० सभासद १८५० मध्ये ६०० झाले.

मुंबईत १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने निराळी वाट धरली. तीत दुकान नाही, की वर्षाअखेरच्या परताव्यावर भिस्त नाही. शेजारच्या कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची मागणी आगाऊ नोंदवावी, सामान एका घरी उतरावे आणि सभासदांनीच ते वाटून घ्यावे, अशी तिची रीत. कित्येकांस ही यातायात वाटते. आम्हांस मात्र संघाची खरी गाठ येथेच दिसते. जिच्या घरी आज शेजारणींची साखर उतरली, तिला पुढल्या महिन्यात अंग काढून घेणे जड जाते.