इंजेक्शनच्या आधीची पाच मिनिटं
मोत्याच्या पायात काच घुसली, म्हणून शनिवारी बदलापूरहून थेट परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठलं. खरं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट. सुरुवात १८८३ची, १८८६मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय कॉलेजही इथंच सुरू झालं.

त्या काळी बैलाला दोरांनी पाडून चारचौघं दाबून धरायचे. क्लोरोफॉर्म होता, पण जोखमीचा. १९६२मध्ये जर्मनीत माणसांच्या रक्तदाबासाठी झायलाझिन बनलं आणि जनावरांच्या कामी आलं. एक सुई, काम फत्ते, असं मला वाटायचं.

मोत्या गुरगुरला, तशी तिथल्या दादांनी सुई बाजूला ठेवली. "आधी शांत होऊ दे. घाबरलेल्या जनावराला औषध नीट चढत नाही."

पाच मिनिटं त्याचे कान चोळत बसलो. दोर गेला, धीर मात्र अजून लागतोच!